छोट्या सभागृहात आठ चित्रकारांचं प्रदर्शन, पण भिंतीला खिळा ठोकायचा नाही. कसं करावं?

रेषा_नागपूर

नमस्कार मंडळी. धरमपेठेतल्या एका वाचनालयाने वरच्या मजल्यावरचं सभागृह स्थानिक चित्रकारांना चार दिवसांसाठी द्यायचं कबूल केलं आहे. आम्ही आठ जण आहोत. तिघं जलरंगात, तिघं अ‍ॅक्रिलिकमध्ये, एक तैलरंगात आणि एक जण गोंड शैलीत कागदावर पेनने काम करतो. प्रत्येकी पाच चित्रं धरली तर चाळीस होतात. बहुतेक चित्रं फ्रेमसकट दोन फूट रुंदीच्या आसपास, पण एक कॅनव्हास ५ फूट × ४ फूट आहे.

सभागृह २४ × १८ फूट, छत १० फुटांवर. एक ४ फुटी दार, पश्चिमेला ४-४ फुटांच्या तीन खिडक्या, आणि एका भिंतीला पुस्तकांचं ६ फुटी कपाट, जे हलणार नाही. भिंतींना डिस्टेंपर आहे. खिळा, ड्रिल, स्क्रू यांतलं काहीही चालणार नाही असं स्पष्ट सांगितलंय. उजेडाला चार ट्यूबलाइट, हवेला तीन पंखे आणि एक मोठा डेझर्ट कूलर.

तारखा एप्रिल अखेर किंवा डिसेंबर, वाचनालय दोन्हींना तयार आहे. विक्री झाली तर २० टक्के वाचनालयाला द्यायचे आहेत. टांगायचं कसं, चाळीस बसतील का, आणि किमती कशा लावायच्या, हे जाणकारांनी सांगावं. फ्रेमा अजून करायच्या आहेत, त्यामुळे त्यातही बदल करता येईल.

चौकट_माउंट

फ्रेमा करायच्या आधी विचारलंत हे उत्तम झालं, कारण टांगायची पद्धत ठरली की फ्रेमचं निम्मं ठरतं.

आधी चाळीसचा विषय. चारही भिंती मिळून ८४ फूट. दार, खिडक्या आणि कपाट वजा केलं की ६२ उरतात. प्रत्येक कोपऱ्यात दोन्ही बाजूंना एकेक फूट मोकळं सोडावंच लागतं, नाहीतर कोपऱ्यातली दोन चित्रं एकमेकांना टेकल्यासारखी दिसतात आणि माणसाला समोर उभं राहता येत नाही. म्हणजे राहिले ५४. दोन फुटी चित्र आणि पुढच्या चित्रापर्यंत एक फूट जागा, असे तीन फूट धरले तर अठरा चित्रं. वर-खाली दोन रांगा करून चाळीस लावता येतील, पण मग वरची रांग कोणी बघत नाही आणि ती कोणाची यावरून गटात कटकट होते. प्रत्येकी तीन, एकूण चोवीस, हा आकडा या खोलीला झेपतो. अठरा भिंतींपाशी आणि सहा मधल्या पडद्यावर.

मधला पडदा म्हणजे ८ × ४ फुटी, १२ मिमी प्लायचे तीन तुकडे उभे करून बिजागरीने जोडायचे. प्रत्येक जोडाला चार इंची तीन बिजागऱ्या. नागमोडी उभा केला की आधाराशिवाय उभा राहतो. एकेक तुकडा २०-२५ किलोचा असतो, त्यामुळे दोघांशिवाय उचलू नका आणि जिना अरुंद असेल तर जोडणी वरच करा. प्लाय लकडगंजात मिळेल, पण आधी गटातल्या कोणाकडे पडून आहे का ते विचारा. पांढरा मॅट रंग द्या, चकचकीत नको. असा पडदा एकच ठेवा. उघडल्यावर तो साधारण १० फूट लांब आणि २ फूट जाड जागा घेतो, दोन्ही बाजूंना आठ-आठ फूट मोकळे राहतात. दुसरा आणलात तर मधल्या वाटा साडेचार फुटांच्या होतील आणि एकाच्या पिशवीचा धक्का दुसऱ्याच्या फ्रेमला लागेल.

या पडद्यावर स्क्रू मारता येतो, पण अर्ध्या इंचाचाच घ्या. पाऊण इंची स्क्रू १२ मिमी प्लायच्या आरपार निघतो आणि मागच्या बाजूला टांगलेल्या कॅनव्हासला टोक लागतं. पुढून काहीच दिसत नाही, त्यामुळे हे चित्र उतरवतानाच कळतं.

भिंतींपाशी काय करायचं? डबल टेपच्या पट्ट्या विसरा. त्या गुळगुळीत ऑइल पेंटवर धरतात, डिस्टेंपरवर नाही. पट्टी शाबूत राहते, तिला चिकटलेला डिस्टेंपरचा पापुद्रा भिंतीवरून सुटतो आणि चित्र खाली. वर भिंतीची भरपाई द्यावी लागते ती वेगळीच.

दोन मार्ग उरतात. एक, प्रदर्शनाचे अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीतले पॅनेल भाड्याने घेणं. ते साधारण एक मीटर रुंद आणि आठ फूट उंच असतात. दिसायला नेटके, पण सरळ रांगेत उभे केले की डगमगतात, म्हणून दर तीन-चार पॅनेलनंतर एक आडवं लावावं लागतं आणि तेवढी जागा जाते. शिवाय मधला पत्रा पातळ असतो, त्यात काही अडकवता येत नाही, वरच्या पट्टीवरूनच साखळी सोडावी लागते.

मला दुसरा मार्ग जास्त पटतो. बिछायत केंद्रातून उभे-आडवे पाइप घ्या. भिंतीपासून अर्धा फूट पुढे उभे पाइप, तळाला जड बैठक, आठ फुटांवर एक आडवा पाइप आणि जमिनीपासून फूटभर उंचीवर दुसरा. खालचा पाइप टाळू नका. तो नसेल तर चौकट झुलते आणि कापडही ताणून बसत नाही. कापड मांजरपाटाचं, गांधीबागेत ठोक भावात मिळेल. आधी पाण्यातून काढून इस्त्री करून घ्या. कोरा मांजरपाट घडीच्या रेघांसकट टांगला की चित्रापेक्षा घडीच आधी दिसते. बिछायतवाल्यांचं सॅटिन चमकतं, ते नम्रपणे परत करा. बैठकीवर मागच्या बाजूने वाळूच्या पिशव्या ठेवा.

टांगायला साखळी आणि एस आकाराचे हूक घ्या. नायलॉनची दोरी वजनाने ताणते, संध्याकाळी सरळ केलेली रांग सकाळी वर-खाली झालेली दिसते. साखळीत कडी सोडून उंची जुळवता येते. प्रत्येक फ्रेमला डाव्या-उजव्या अशा दोन साखळ्या हव्यात. एकाच खिळ्यावरच्या तारेसारखं केलंत तर पंखा लागला की चित्र तिरकं होणारच.

उंचीचं गणित असं. चित्राचा मध्य जमिनीपासून १४५ सेंमीवर धरा. समजा फ्रेम ६० सेंमी उंच आहे आणि मागच्या डी-रिंग (टांगायला लावलेल्या डी आकाराच्या कड्या) वरच्या कडेपासून १२ सेंमी खाली आहेत. मध्य १४५ म्हणजे वरची कड १७५, रिंग १६३. आडवा पाइप २४४ सेंमीवर. मग हुकासकट साखळी ८१ सेंमीची. प्रत्येक चित्राचा हा आकडा घरीच काढून फ्रेमच्या मागे पेन्सिलने लिहून ठेवा. टांगायच्या दिवशी टेप घेऊन अंदाज करत बसलं की रात्र होते. आणि रांगेतल्या चित्रांचे मध्य जुळवायचे, वरच्या कडा नव्हे.

वजनाबद्दल एवढंच लक्षात ठेवा. काच दर मिलिमीटर जाडीला चौरस मीटरमागे अडीच किलो भरते, अ‍ॅक्रिलिक शीट (काचेऐवजी लावायचं पारदर्शक प्लॅस्टिक) त्याच्या निम्म्याहून कमी. फुल इम्पीरियल (२२ × ३० इंची कागद) जलरंग चित्र माउंटसकट, म्हणजे भोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीसकट, २८ × ३६ इंचांचं होतं. त्याला ३ मिमी काच लावली तर नुसती काचच पाच किलोच्या आसपास जाते, २ मिमी अ‍ॅक्रिलिक दीड किलो. पाइपावर टांगायचं असेल तर मोठ्या चित्रांना अ‍ॅक्रिलिकच लावा. हाफ इम्पीरियल आणि त्याखाली २ मिमी काच चालेल. अ‍ॅक्रिलिक कोरड्या कापडाने पुसू नका, ओरखडे पडतात आणि स्थिर विजेने धूळ आणखी ओढली जाते. किंचित ओलं सुती कापड वापरा.

कागद_आणि_पाणी

चौकट भाऊंनी टांगण्याचं सगळं सांगितलंय, मी तारखांवर बोलते. डिसेंबर घ्या. एप्रिलची अडचण उन्हाची नाही, कूलरची आहे.

एप्रिलमध्ये आपल्याकडे बाहेरची हवा कोरडीठाक असते. कूलर सुरू झाला की सभागृहात दमटपणा वाढतो, रात्री बंद झाला की पुन्हा कोरडं. कागद दमट हवेत फुगतो आणि कोरड्या हवेत आकसतो. चार दिवस रोज हे चाललं की जलरंगाचा कागद माउंटच्या आत लाटांसारखा उठतो, आणि उजेड बाजूने पडला की प्रत्येक लाट दिसते. पेनच्या कामावर तर हे जास्तच खुपतं. गोंड चित्रातल्या ठिपक्यांच्या आणि बारीक रेघांच्या भरणीवर लाटेची सावली पडली की सगळी वीण विस्कटल्यासारखी वाटते.

एप्रिलशिवाय पर्यायच नसेल तर कूलरचा झोत चित्रांवर नको, समोरच्या दोन खिडक्या थोड्या उघड्या ठेवा म्हणजे ओल साचणार नाही, आणि लोक कमी असताना पंप बंद करून नुसता पंखा चालवा.

पण लाटा उठण्याचं मोठं कारण फ्रेमच्या आत असतं. बरेच फ्रेमवाले कागद चारही कडांनी टेपने माउंटला चिकटवतात. कागदाला सरकायला जागाच राहत नाही, मग तो मधूनच उचलतो. फ्रेमवाल्याला निक्षून सांगा: फक्त वरच्या कडेला दोन ठिकाणी, कागदाच्या पट्टीच्या बिजागरीने, गव्हाच्या खळीने. बाकी तीन कडा मोकळ्या. सेलोटेप अजिबात नको, ती पिवळी पडते आणि तिचा चिकटा कागदात मुरतो. माउंट आम्लरहित मागा. साध्या माउंटची खिडकीची कड काही वर्षांत तपकिरी होते आणि चित्रावर त्याची रेघ उमटते. विकत घेणाऱ्याच्या घरी हे होणार असतं, म्हणूनच त्याची काळजी आपण घ्यायची. काच कधीही थेट रंगाला टेकू देऊ नका. माउंटच्या जाडीने मिळणारी फट पुरते. माउंट नको असेल तर कडेने पातळ पट्ट्या घालून घ्या.

अ‍ॅक्रिलिकवाल्या तिघांसाठी. हा रंग उष्णतेने मऊ होतो. दोन कॅनव्हास तोंडाला तोंड लावून ठेवले आणि गाडी तासभर उन्हात उभी राहिली की ते चिकटतात, सोडवताना रंगाचा पापुद्रा निघतो. बबल रॅपचे फुगे रंगाच्या बाजूला आले तर गोल गोल ठसे उमटतात आणि ते जात नाहीत. बेकिंगला वापरतात तो सिलिकॉन लावलेला पार्चमेंट कागद आधी रंगावर ठेवा, त्यावर पुठ्ठा, मग बबल रॅप, फुगे बाहेर. वर्तमानपत्र नको, शाई लागते. डिसेंबरातही बंद गाडी दुपारी तापते, तेव्हा वाहतूक सकाळी करा.

तैलरंगाचं चित्र वरून कोरडं लागलं तरी जाड थर आत ओला असतो. अंतिम व्हार्निश साधारण सहा महिन्यांनी. प्रदर्शनासाठी चमक हवी म्हणून घाईने व्हार्निश मारलं तर पुढे तडे जातात. त्यापेक्षा तसंच लावा.

डिसेंबर म्हटलं तरी हिवाळी अधिवेशनाच्या तारखा आधी बघा. सिव्हिल लाइन्स आणि सीताबर्डीकडचे रस्ते मोर्चे आणि बंदोबस्तात अडकतात, धरमपेठेतही त्याचा ताण येतो. अधिवेशन संपल्यानंतरचा शनिवार-रविवार धरून चार दिवस घ्या. फेब्रुवारीवर ढकलू नका, बारावी-दहावीच्या परीक्षा लागल्या की घरंच्या घरं बाहेर पडत नाहीत.

रेषा_नागपूर

दोघांचेही मनापासून आभार. डिसेंबर नक्की केला आणि चोवीसचा आकडा गटाने मान्य केला. आता दोन अडचणी. चोवीस निवडणार कोण, यावर गाडी अडली आहे. आणि ट्यूबलाइटखाली जलरंगाच्या काचेत बघणाऱ्याचाच चेहरा दिसतो. चारच दिवस आहेत, तर काच काढून टाकावी असं दोघांचं म्हणणं आहे. चालेल का? ५ × ४ चा कॅनव्हास कुठे लावावा तेही सांगा.

उजेड_सावली

काच काढली तर रंग सगळ्यात खरे दिसतात, आणि चार दिवसांत उजेडाने काही बिघडत नाही. निवडक दोन-तीन चित्रांची काढून बघायला हरकत नाही. पण चमक मारण्यासाठी तेवढी गरज नाही. चमक काचेमुळे कमी आणि समोरच्या उजेडामुळे जास्त येते.

पश्चिमेच्या खिडक्यांना आतून ट्रेसिंग पेपर लावा, त्यावर मांजरपाटाचा पडदा. डिसेंबरात साडेतीन ते साडेपाच ऊन तिरपं थेट आत येतं, समोरच्या भिंतीवरच्या सगळ्या काचा पांढऱ्या होतात. ट्यूब बंद ठेवा, चित्रांवर स्पॉट (एकाच जागी झोत टाकणारे दिवे) लावा. ट्यूबचा पांढरा-निळा उजेड आणि स्पॉटचा पिवळा उजेड एकत्र आले की एकाच चित्राच्या दोन बाजू दोन रंगांच्या दिसतात. वाचनालय ट्यूब सुरू ठेवा म्हणालं तर स्पॉट ४००० केल्विनचे (आकडा जास्त तेवढा उजेड पांढरा) घ्या, नाहीतर ३००० चे. खोक्यावर सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचा आकडा) ९० किंवा जास्त लिहिलेलं हवं. ८० च्या दिव्याखाली लाल आणि त्वचेचे रंग मळकट दिसतात, आणि चित्रकाराला वाटतं आपलंच चुकलं.

दिव्याचा कोन चित्राच्या मध्याशी, उभ्या रेषेपासून ३० अंश. उभे पाइप नऊ फुटांचे घ्या आणि वरच्या टोकाला अडीच फूट पुढे येणारा आडवा हात क्लॅम्पने जोडा, दिवा त्या हाताच्या टोकाला. नऊ फूट म्हणजे २७५ सेंमी, चित्राचा मध्य १४५, फरक १३०, त्याला ३० अंशांना सुमारे ७५ सेंमी पुढे यावं लागतं, तेच अडीच फूट. दिवा याहून जवळ घेतला तर फ्रेमच्या वरच्या पट्टीची सावली चित्रावर पडते, लांब घेतला तर बघणाऱ्याची. हात पुढे आल्यामुळे पाइप पुढे कलायला बघतो, म्हणून वाळूच्या पिशव्या मागे हव्यातच.

दर चित्राला ९ वॅटचा एक दिवा धरला तर २४ दिव्यांचे २१६ वॅट. एक साधं ६ अँपिअरचं सॉकेट सहज पेलतं, त्यामुळे वीज वाढवून मागायची गरज नाही. वायर भिंतीच्या कडेने चिकटपट्टीने लावा, वाटेतून आडवी नको.

काचेची उरलेली चमक झुकवण्याने जाते. डी-रिंग थोड्या खाली लावल्या की चित्राचा वरचा भाग पुढे कलतो आणि काचेत समोरच्या माणसाऐवजी जमीन दिसते. वरच्या कडेपासून उंचीच्या एक तृतीयांशावर रिंग लावून बघा. साखळीचा आकडा मात्र नव्याने काढा.

मोठा कॅनव्हास दाराच्या समोरच्या भिंतीवर, एकटा. ५ × ४ चा कर्ण साधारण साडेसहा फूट होतो, नीट बघायला त्याच्या दीड-दोन पट, म्हणजे १० ते १३ फूट मागे जाता यायला हवं. म्हणून प्लायचा पडदा त्याच्या समोर मधोमध नको, एका बाजूला सरकवा. दोन्ही बाजूंना दोन-दोन फूट कोरे सोडा. त्या भिंतीवर आणखी काही टांगायचा मोह होईल, टाळा. बाकीच्या भिंतींवरच्या छोट्या चित्रांना या मोकळ्या जागेचा फायदाच होतो.

निवडीबद्दल. प्रत्येकाने पाच आणायची, तीन लागतील, आणि ती गटाबाहेरच्या एका माणसाने निवडायची. लक्ष्मीनगरच्या शासकीय चित्रकला महाविद्यालयात शिकवलेले कोणी किंवा एखादे निवृत्त कलाशिक्षक विनंती केली तर आनंदाने येतात. कोणाचं चित्र चांगलं हे त्यांना विचारायचं नाही, कोणती तीन एकत्र नीट बोलतात हे विचारायचं. चित्रं जमिनीवर भिंतीला टेकवून ठेवा, नावं झाका, आणि टांगण्याआधी अर्धा दिवस हा खेळ जमिनीवरच होऊ द्या. एका चित्रकाराची तीनही चित्रं शेजारी-शेजारी राहू द्यावीत असं माझं ठाम मत आहे. रंगसंगतीसाठी विखुरली तर भिंत छान दिसते, पण माणूस लक्षात राहत नाही, आणि स्थानिक प्रदर्शनात माणूस लक्षात राहणं महत्त्वाचं.

चौकट_माउंट

बाकी सगळ्याला अनुमोदन, पण काच काढण्याला माझा विरोध नोंदवतो. दोन-तीन चित्रांचीही नको. छोट्या ठिकाणी लोक बोटाने दाखवत बोलतात आणि बोट टेकतं. तेलकट बोटाचा ठसा जलरंगाच्या कागदावरून निघत नाही. उद्घाटनाला खाणं असणारच, ते व्हरांड्यातच ठेवा. तर्रीचा एक थेंब माउंटवर उडाला की माउंट बदलण्यावाचून इलाज नाही. दीपप्रज्वलनाची समईही कापडापासून निदान सहा फूट दूर आणि तेवढा वेळ पंखे बंद. मांजरपाट भुरकन पेटतो.

उजेड_सावली

बोटांचा मुद्दा मान्य. काच ठेवा, झुकवून काम होईल.

हिशेब_वही

किमतींचं अजून कोणी सांगितलं नाही, म्हणून लिहितो.

पहिली गफलत कमिशनमध्ये होते. समजा हाफ इम्पीरियल, १५ × २२ इंच. चौरस इंचाला २० रुपये धरले तर ३३० चौरस इंचांचे ६,६००. फ्रेमचे १,८०० मिळवा, ८,४०० हातात यायला हवेत. बहुतेक जण त्यावर २० टक्के चढवून १०,०८० लिहितात. पण वाचनालय २० टक्के विक्रीच्या किमतीवर घेतं, म्हणजे २,०१६ जातात आणि हातात ८,०६४ राहतात. ८,४०० ला ०.८ ने भागायचं, येतात १०,५००. त्यातले २,१०० गेले की बरोबर ८,४००. फ्रेमच्या खर्चावर कमिशन लागू नये असं वाटत असेल तर ते आत्ताच लेखी ठरवा.

दुसरं, चौरस इंचाचा दर मोठ्या चित्रांना फुगवतो. तोच २० चा दर फुल इम्पीरियलला १३,२०० होतो, आणि ५ × ४ फुटांच्या कॅनव्हासला ५७,६००. छोट्या सभागृहात हा आकडा बघून माणूस मागे सरतो. त्याऐवजी लांबी अधिक रुंदी गुणिले दर करा. १८० चा दर घेतला तर हाफ इम्पीरियल ६,६६०, फुल इम्पीरियल ९,३६०, मोठा कॅनव्हास १९,४४०. चढ हळूहळू जातो. दर ज्याचा त्याचा, मी सोयीसाठी धरलेत. पण एका चित्रकाराच्या तीनही चित्रांना एकच दर हवा. आवडतं चित्र म्हणून दुप्पट किंमत लावली की घेणारा दुसऱ्या दोनांकडे संशयाने बघतो. ते विकायचं नसेल तर सरळ ‘विक्रीसाठी नाही’ लिहा.

चित्राशेजारचं कार्ड १० × ६ सेंमी, जाड कागदावर, अक्षरं १६ पॉइंटच्या खाली नकोत. नाव, चित्राचं शीर्षक, माध्यम, आकार, वर्ष, किंमत. आकार लिहिताना उंची आधी, मग रुंदी. माध्यमात ‘मिश्र’ एवढंच न लिहिता ‘हातकागदावर जलरंग आणि शाई’ असं लिहा, लोकांना ते वाचायला आवडतं आणि पुढचे प्रश्न त्यातूनच निघतात. कार्ड पिनेने कापडालाच लावा, चित्राच्या उजव्या खालच्या कोपऱ्याशी, सगळी एका उंचीवर.

पावतीपुस्तक एकच ठेवा, आठ जणांची आठ नकोत. यूपीआयचा क्यूआरही एका खात्याचा, चारही दिवस टेबलावर गटातले दोघं. चित्र ठरलं की निदान निम्मी रक्कम घेऊनच लाल ठिपका (विकल्याची खूण) लावा. नुसत्या शब्दावर ठिपका लावला आणि माणूस आला नाही तर चार दिवस ते चित्र दुसऱ्या कोणी विचारलेलं नसतं. विकलेलं चित्र शेवटच्या संध्याकाळपर्यंत जागचं हलवायचं नाही, हे पावतीवर छापा. जीएसटीची काळजी बहुतेकांना नाही. महाराष्ट्रात राहून महाराष्ट्रातच वस्तू विकणाऱ्याला वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या वर जाईपर्यंत नोंदणी लागत नाही.

हक्कांचं नीट समजून घ्या, कारण प्रदर्शनात लोक हमखास म्हणतात, ‘याचं कॅलेंडर छापतो.’ १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार मूळ चित्र विकलं म्हणून छपाईचा हक्क जात नाही, तो लेखी कराराशिवाय देता येत नाही. पण प्रदर्शनात कोणी पैसे देऊन ‘आमच्या आजोबांचं व्यक्तिचित्र काढून द्या’ असं काम दिलं तर उलट होतं. वेगळं काही ठरलं नसेल तर त्या चित्राचा कॉपीराइट काम देणाऱ्याचा. तो स्वतःकडे ठेवायचा असेल तर आगाऊ रक्कम घेतानाच एका ओळीत लिहून सही घ्या.

आणि वाचनालयाकडून ताबापावती घ्या. चोवीस चित्रांची यादी, प्रत्येकाचा पुढून-मागून फोटो, आधीपासूनचा ओरखडा असेल तर त्याची नोंद, दोन्हीकडच्या सह्या. रात्री किल्ली कोणाकडे, हेही त्यात लिहा.

रेषा_नागपूर

खूप खूप धन्यवाद. साखळीचे आकडे काढायला आजच बसतोय. शेवटचं एक: उतरवायला किती वेळ धरावा? सभागृह रविवारी रात्री दहाला रिकामं द्यायचंय.

कागद_आणि_पाणी

आठला प्रदर्शन बंद करा, दोन तास पुरतील, पण क्रम पाळा. आधी विकलेली चित्रं, पावती बघून, घेणारा समोर असताना गुंडाळायची. मग बाकीची, काच असलेली उभी ठेवायची, आडवी रचायची नाहीत. दिव्यांची वायर सगळ्यात आधी बंद करा पण काढू नका, ट्यूब लावून काम करा. सगळी चित्रं खोलीबाहेर गेल्याशिवाय बिछायतवाल्यांच्या माणसांना पाइपाला हात लावू देऊ नका. त्यांना घाई असते, ते साडेनऊला या म्हणून सांगा. साखळ्या आणि हूक एका डब्यात, कार्डं आणि पिना दुसऱ्या डब्यात. पिन जमिनीवर एकही राहता कामा नये, सोमवारी सकाळी तिथे लहान मुलं अनवाणी बसून वाचतात.